आपत्तीनंतरचे सामुदायिक भित्तिचित्रण

भूकंप, पूर, वादळ किंवा दरड कोसळण्यासारख्या आपत्तीनंतर त्या वस्तीतील मुलांनी आणि मोठ्यांनी चित्रकाराच्या मदतीने सार्वजनिक भिंतीवर एकत्र चित्र रंगवण्याची पद्धत. मुलांच्या मनावरचा ताण हलका व्हावा आणि विस्कटलेल्या वस्तीला सगळ्यांनी मिळून करण्याजोगे काम मिळावे, असा तिचा दुहेरी हेतू असतो. शोभेसाठी रंगवून घेतलेल्या भिंती किंवा सरकारी घोषवाक्ये तिच्यात मोडत नाहीत. चित्रकाराने सगळे चित्र काढायचे आणि मुलांनी शेवटच्या दिवशी येऊन हाताचे ठसे उमटवायचे, हा प्रकार फार चालतो. त्यालाही सामुदायिक म्हणणे कठीण आहे. छायाचित्रांत मात्र दोन्ही सारखेच दिसतात.

पूर्वपीठिका : या कामाची शिस्त आपत्तिनिवारणातून आलेली नाही. ती अमेरिकेतील शहरांच्या भित्तिचित्र चळवळीतून आली. शिकागोतील १९६७ची ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’ ही तिची पहिली ठळक खूण मानतात. चित्रकर्ती ज्यूडी बाका हिने १९७६मध्ये लॉस एंजेलिसमधील टुहंगा वॉश या कालव्याच्या भिंतीवर ‘ग्रेट वॉल’ सुरू केली. पुढच्या काही उन्हाळ्यांत ४००हून अधिक मुलामुलींनी सुमारे ८४० मीटर लांबीचे चित्र रंगवले. त्यांतली बरीच मुले पोलीस आणि बालन्यायालयाच्या फेऱ्यांत अडकलेली होती. हा कालवा मुळात एक नदी. १९३८च्या महापुरानंतर लॉस एंजेलिसच्या नद्यांची पात्रे पूरनियंत्रणासाठी सिमेंटने बांधून काढली गेली. बाका या काँक्रीटला जमिनीवरचा व्रण म्हणते आणि चित्राला त्या व्रणावरचे गोंदण. मुलांना मजुरी, इतिहासाचे धडे आणि निर्णयात वाटा देणारी तिची घडी पुढच्या अनेक प्रकल्पांनी उचलली.

दुसरा धागा मानसिक आरोग्याचा. १९९०च्या दशकाअखेरीपासून आपत्ती आणि युद्धाच्या छावण्यांत ‘बालस्नेही जागा’ उभारण्याची पद्धत रुळली : एक तंबू, सतरंज्या, खेळ, खडू-कागद आणि रोज ठरलेल्या वेळी येणारी तीच ताई किंवा तोच दादा. आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांच्या समन्वय समितीने २००७मध्ये आपत्तीतील मानसिक-सामाजिक आधाराची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत मदतीचा चार थरांचा मनोरा आहे. तळाशी सुरक्षितता, अन्न, पाणी, निवारा. त्यावर कुटुंब आणि समाजाचा आधार. त्यावर थोडेफार प्रशिक्षण घेतलेल्या माणसांची नेमकी मदत. आणि टोकाला मानसोपचारतज्ज्ञ. भित्तिचित्राची जागा दुसऱ्या थरात आहे. त्याला ‘उपचार’ म्हणण्याचा मोह आयोजकांना होतो, तो टाळलेला बरा. झोपेतून किंचाळत उठणाऱ्या किंवा महिनोन्‌महिने न बोलणाऱ्या मुलाला चौथ्या थराची गरज असते, आणि ती ब्रशाने भागत नाही.

जॉप्लिन : अमेरिकेच्या मिझुरी राज्यातील जॉप्लिन हे जस्त आणि शिशाच्या खाणींवर वाढलेले, रूट ६६ या जुन्या महामार्गावरचे शहर. २२ मे २०११ रोजी, रविवारी संध्याकाळी, सर्वांत तीव्र श्रेणीचे टॉर्नेडो वादळ शहराच्या मध्यातून गेले. त्याचा पट्टा जागोजागी दीड किलोमीटरच्या आसपास रुंद होता. १६१ माणसे दगावली. मोठे रुग्णालय निकामी झाले, हायस्कूल जमीनदोस्त झाले. त्याच दुपारी त्या हायस्कूलचा पदवीदान समारंभ दुसऱ्या इमारतीत झाला होता. शाळेत कोणी नव्हते म्हणून आणखी मोठा अनर्थ टळला.

शाळेच्या पाटीवरच्या ‘जॉप्लिन’ या नावातली रोमन अक्षरे उडून गेली आणि मधली दोनच, ओ आणि पी, उरली. कोणीतरी चिकटपट्टीने त्यांच्या एका बाजूला एच आणि दुसऱ्या बाजूला ई जोडला. तयार झालेल्या इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘आशा’. ना सभा, ना निधी, ना चित्रकार; उरलेल्यातून काही करण्याची ही पहिली खूण लोकांनी आपणहून केली.

भित्तिचित्राचा बेत मात्र वादळाच्या आधीच ठरला होता. मिड-अमेरिका आर्ट्स अलायन्स या संस्थेने आपल्या सहा राज्यांच्या प्रदेशातील लहान शहरांत लोकसहभागाने भित्तिचित्रे काढण्याचा प्रकल्प हाती घेतला होता आणि जॉप्लिन त्यात होते. कॅन्ससमधील लॉरेन्सचा चित्रकार डेव्ह लोवेनस्टाइन त्याचा प्रमुख. वादळानंतर बेत रद्द करावा की पुढे न्यावा, असा प्रश्न उभा राहणे साहजिक होते. काम झाले, पण त्याचा विषय बदलला. बैठकांत मुलांनी काढलेल्या चित्रांतून फुलपाखरे पुढे आली.

याला एक कारण स्थानिक होते. वादळाच्या वेळी ‘फुलपाखरांच्या पंखांची माणसे’ आपल्यावर पंख धरून होती, असे काही लहान मुलांनी सांगितल्याची गोष्ट गावभर झाली होती. कोणी त्यांना देवदूत म्हटले, कोणी मुलांच्या मनाने शोधलेला आडोसा. चित्रकाराला त्यातले खरेखोटे ठरवण्याची गरज नव्हती. मुलांनी निवडलेली प्रतिमा तेवढी त्याने घेतली. मेन स्ट्रीट आणि पंधराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, नासधुशीच्या पट्ट्यापासून जवळच, एका छापखान्याच्या भिंतीवर हे चित्र रंगले आणि सप्टेंबर २०११मध्ये त्याचे लोकार्पण झाले. ‘द बटरफ्लाय इफेक्ट : ड्रीम्स टेक फ्लाइट’ हे त्याचे नाव. फुलपाखराच्या पंखांच्या फडफडीने दूर कुठेतरी वादळ उठते, हा हवामानशास्त्रातला प्रसिद्ध दाखला इथे उलटा केलेला आहे : वादळानंतर फुलपाखरे.

त्याच उन्हाळ्यात जॉप्लिनच्या शाळा ठरल्या तारखेला, १७ ऑगस्टला, सुरू झाल्या. अकरावी-बारावीचे वर्ग मॉलमधल्या रिकाम्या गाळ्यात भरले. चित्राचे श्रेय मोजताना हेही धरायला हवे. वेळेवर वाजणारी शाळेची घंटा मुलांना कदाचित भिंतीपेक्षा जास्त धीर देते.

कामाची रीत : आधी भिंत. ती कोणाची, मालकाची लेखी परवानगी आहे का आणि पुढच्या दोन वर्षांत ती पाडायची तर नाही ना, हे पाहावे लागते. पुरानंतरच्या भिंतीत ओल दडलेली असते. रात्रभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून ठेवला आणि सकाळी त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले, तर रंगकाम पुढे ढकलावे. लोणा लागलेल्या भिंतीवर कितीही महाग रंग द्या, सहा महिन्यांत पोपडे सुटतात. नव्या सिमेंटच्या गिलाव्याला साधारण चार आठवडे सुकू द्यावे लागते. छावणीत भिंतच नसेल, तर फिलाडेल्फियातील चित्रकारांनी रूढ केलेली युक्ती वापरतात : पॅराशूटसारख्या पातळ कापडावर तुकड्यातुकड्यांनी रंगवायचे आणि पुढे भिंत मिळाली की ते तुकडे तिच्यावर चिकटवायचे. जी मुले अंथरुणातून उठू शकत नाहीत किंवा आईला सोडून बाहेर यायला तयार नाहीत, त्यांनाही यात भाग घेता येतो.

मग बैठका. हा भाग बाहेरून कंटाळवाणा दिसतो आणि उद्‌घाटनाची घाई झाली की पहिली कात्री यालाच लागते. खरे काम मात्र इथेच होते. मुलांना ‘त्या दिवशी काय झाले?’ असे विचारत नाहीत. ‘शाळा सुटल्यावर तू कुठे जायचास?’, ‘गावात सगळ्यात उंच काय आहे?’ असे विचारतात. कागदांवरून चित्रकार एक आराखडा जुळवतो आणि तो पुन्हा मुलांपुढे मांडतो. ‘आमच्या पिंपळाला एवढ्या फांद्या नव्हत्या’ असे एखादीने म्हटले, तर फांदी खोडली जाते. आपत्तीत घर, गाव, शाळा, कपडे यांतले काहीही मुलाला विचारून गेलेले नसते आणि नंतरची मदतही कोणी विचारून देत नाही. आपल्या शब्दावरून एक फांदी पुसली गेली, हे त्याच्या नजरेसमोर घडते. माझ्या मते या पद्धतीचा जो काही गुण आहे, त्यातला मोठा वाटा त्या पुसलेल्या फांदीचा आहे.

आराखड्यावर एक इंचाच्या चौकटी आखतात आणि भिंतीवर एक फुटाच्या. गेरूत बुडवलेले सूत दोघांनी दोन टोकांना ताणून धरायचे आणि मध्ये चिमटीने ओढून सोडायचे. भिंतीवर तांबडी सरळ रेघ उमटते. हे सूत मारणे मुलांना रंगवण्याइतकेच आवडते. मग एकेका चौकटीतली रेषा भिंतीवर उतरवतात आणि प्रत्येक भागावर रंगाचा क्रमांक घालतात. जमिनीपासून चारेक फुटांचा पट्टा मुलांचा. त्यावरचे काम परांचीवरून मोठ्यांनी करायचे. रंग पाण्यात मिसळणारा, अॅक्रिलिक इमल्शनच हवा. तेलरंग स्वस्त पडला तरी मुलांच्या हाती देऊ नये. रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९०पर्यंत ठेवण्याचा नियम भारतात नोव्हेंबर २०१७पासून लागू आहे. म्हणजे गोदामात पडून राहिलेला दान आलेला जुना डबा आणखीच संशयास्पद.

प्रत्यक्ष रंगवताना सात-आठ वर्षांचे मूल ब्रश दांड्यापर्यंत बुडवते. रंग मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतो, तिथेच सुकतो आणि दुपारी जेवताना त्याचे पापुद्रे काढण्यात वेळ छान जातो. एखादे मूल एकच चौकट पाच वेळा रंगवते. त्याला पुढे ढकलू नये, हे स्वयंसेवकांना आधी सांगावे लागते. एखादीला रंगवायचेच नसते, ती दिवसभर ब्रश धुते. तेही काम आहे आणि यादीत तिचेही नाव येते. बाह्यरेषा सगळ्यांत शेवटी. तोवर भिंत अगदीच बेढब दिसते आणि येणारे-जाणारे मोठे लोक हमखास नाके मुरडतात.

काय काढावे : ‘मनातले दुःख कागदावर उतरवले की मन मोकळे होते’ ही समजूत खोलवर रुजलेली आहे. जेनिफर ड्रेक आणि एलन विनर यांनी २०१३मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून वेगळे दिसले. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना एक वाईट प्रसंग आठवायला सांगून मग चित्र काढायला दिले. त्या प्रसंगाचे चित्र काढणाऱ्यांपेक्षा घरासारखे दुसरेच काही काढणाऱ्यांची मनःस्थिती अधिक सुधारली. हे साध्या खिन्नतेवरचे आणि थोड्या वेळाचे निरीक्षण आहे, त्यावरून महापुरातून वाचलेल्या मुलाबद्दल फार काही ठरवू नये. पण पाहुण्यांपुढे मुलांकडून लाटा, ढिगारे आणि मृतदेह काढून घेणाऱ्यांनी थबकावे, इतके ते पुरेसे आहे. लोकांना एकदाच बसवून सारा प्रसंग पुन्हा सांगायला लावण्याची जुनी पद्धतही मदतसंस्थांनी आता सोडली आहे. मूल आपणहून ढिगारा काढू लागले तर त्याला अडवायचे नाही. काढ म्हणून मागे लागायचेही नाही.

भारताशी संबंध : आपत्ती आणि भिंतीवरचे चित्र यांची गाठ भारतात पूर्वीच पडली होती, पण वेगळ्या दिशेने. १५ जानेवारी १९३४च्या बिहार भूकंपात मिथिलेतील घरे कोसळली, तेव्हा पडक्या भिंतींच्या आतल्या बाजूची चित्रे डब्ल्यू. जी. आर्चर या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली. १९६६-६७च्या दुष्काळात अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना तिकडे धाडले. ते कागद घेऊन गेले आणि भिंतीवरची चित्रे कागदावर उतरवली तर त्यांना पैसे मिळतील, असे बायकांना सांगू लागले. आज मधुबनी म्हणून विकली जाणारी चित्रे त्यातून उभी राहिली. याच कुलकर्णींचा वारली चित्रे बाहेरच्या जगापुढे आणण्यातही वाटा होता. मन हलके करणे वगैरे भाषा तेव्हा कोणी वापरली नाही. चूल पेटणे हा मुद्दा होता.

महाराष्ट्रात ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. दगडमातीच्या वाड्यांच्या आणि वाकड्या बोळांच्या जागी सरळ रस्ते आणि एकसारख्या घरांच्या रांगा आल्या. अशा वसाहतीत भित्तिचित्राचा एक अगदी साधा उपयोग असतो, जो प्रकल्पांच्या अहवालांत क्वचित सापडतो : लहान मुलाला आपली गल्ली ओळखता येते. ‘मोराच्या भिंतीपाशी वळ’ असे सांगता येते.

टिकाऊपणा : उन्हातला इमल्शन पाच-सात वर्षांत फिका पडतो आणि पुन्हा रंगवण्याची तरतूद बहुतेक प्रकल्पांत नसते. आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या रंगरंगोटीत अशा चित्रावरून सरळ डिस्टेंपर फिरतो. त्यावर हळहळ व्यक्त होते. पण रंगवणारी मुले मोठी झाली आणि भिंत नव्या मुलांना हवी असेल, तर ती द्यावी, असे मानणारे चित्रकारही आहेत.

जपानमधील इशिनोमाकी शहराच्या ओकावा प्राथमिक शाळेत गोष्ट उलट्या क्रमाने घडली. ११ मार्च २०११च्या त्सुनामीत या शाळेतील १०८ मुलांपैकी ७४ मृत वा बेपत्ता झाली. शाळेच्या आवारात, उघड्यावरच्या रंगमंचाची एक भिंत त्याआधीच तिथल्या मुलांनी शाळा सोडताना रंगवलेली होती. इमारतीचा सांगाडा उरला आणि ही भिंतही उरली. २०२१पासून हे अवशेष स्मारक म्हणून लोकांना खुले आहेत. भिंतीवरचे मुलांचे रंग अजून ओळखू येतात.