वाट जिथे थांबते: काकाडूतल्या शैलचित्रांची पार्श्वभूमी

काकाडू राष्ट्रीय उद्यानातली बुरुंगकुय या शैलचित्रांच्या जागेची फेरी जेमतेम दीड किलोमीटरची. उबिर या दुसऱ्या जागेची तर किलोमीटरभरच. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विनच्या पूर्वेला जवळपास 20,000 चौरस किलोमीटर पसरलेल्या या मुलुखात बहुतेक पाहुण्यांच्या पायांखाली येते ती एवढीच जमीन. तासाभरात चित्रं बघून, कड्यावरून पाणथळ माळ न्याहाळून माणसं गाडीशी परत येतात. ही वाट कोणत्या कपारीपाशी जाते, कुठे कठडा लागतो आणि कुठून पुढे जाता येत नाही, हे मात्र तासाभरात ठरलेलं नाही.

आधी दगड. आर्नहेम लँडच्या पठाराचा हा वालुकाश्म सुमारे 170 कोटी वर्षांचा. पठाराचा कडा आज कोरड्यात उभा आहे, पण 14 कोटी वर्षांपूर्वी त्याच्या पायथ्याशी समुद्र होता. कड्याखालच्या खोल कपारी म्हणजे धो धो पावसाळ्यात बसायला, निजायला आयता आडोसा. जवळच्या माजेडबेबे कपारीतल्या थरांचं वय 2017 मध्ये सुमारे 65,000 वर्षं सांगितलं गेलं. त्या आकड्यावर अभ्यासकांत वाद आहे. बुरुंगकुयच्या वाटेवरच्या अन्बांगबांग कपारीत माणूस राहिल्याच्या खुणा सुमारे 20,000 वर्षांपर्यंत मागे जातात, आणि अभिमानाने मिरवायला तेवढंही पुष्कळ आहे.

चित्रांचा काळ कसा लावायचा? चेकोस्लोव्हाकियातून आलेल्या जॉर्ज चलुप्का यांनी आयुष्यभर या कपारी धुंडाळल्या आणि एक साधी युक्ती वापरली: भिंतीवर कोणता प्राणी आहे ते बघायचं. हिमयुग संपल्यावर समुद्र वर चढला, नद्यांच्या मुखांतून खारं पाणी आत शिरलं आणि भिंतींवर बारामुंडी दिसू लागला. बारामुंडी म्हणजे आपला जिताडा, अगदी तोच मासा. रायगडच्या खाडीकाठी वाढलेल्याला वेगळं सांगायला नको की जिताडा आला म्हणजे खाडी आली. पुढे, गेल्या दीडेक हजार वर्षांत, गोड्या पाण्याच्या दलदली झाल्या आणि रानबदकांची, पाणकमळांची गर्दी झाली. चित्रांतही तेच उतरलं. उलट उबिरच्या एका उंच भिंतीवर पट्टेरी थायलसीन आहे, म्हणजे कुत्र्यासारखा दिसणारा, पोटाला पिशवी असलेला शिकारी प्राणी. हा प्राणी ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी नाहीसा झाला, म्हणजे चित्र त्याआधीचं.

जिताड्याची ही चित्रं क्ष-किरणासारखी आहेत: कणा, आतडी, कल्ले सगळं आतून दिसतं. रंगही साधे. गेरू, पांढरी माती, कोळसा. गेरूतलं लोह दगडात मुरतं, पांढरा लवकर झडतो, म्हणून सर्वांत जुनं उरलं आहे ते बहुधा तांबडंच.

इथवर वाचून हे सगळं पुराणकालीन आहे असं वाटलं तर ती चूक अन्बांगबांगच्या मोठ्या भिंतीसमोर दुरुस्त होते. तिथली ठसठशीत, पांढऱ्या-तांबड्या माणसांची रांग, शेजारी विजेचा पुरुष नामारगोन, हे रंगवलं गेलं 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धात. चितारी होता बादमार्दी कुळाचा नायोम्बोल्मी, गोऱ्यांच्या तोंडी ‘बारामुंडी चार्ली’. मासे मारण्यात पटाईत, म्हणून हे नाव पडलं. रेड्यांच्या शिकारतळांवर मजुरी करत तो हिंडला आणि या मुलुखात शेकडो चित्रं ठेवून 1967 च्या सुमारास गेला. इथल्या बिनिंज आदिवासींच्या लेखी रंगवण्याची क्रिया मोठी, तयार चित्र त्यामानाने दुय्यम. अधिकार असलेला माणूस जुन्यावर नवं रंगवी, आणि त्याला कोणी विटंबना म्हणत नसे. आपल्या पुरातत्त्वाच्या सवयीला हे पचायला जड जातं, मलाही जरा गेलंच.

नामारगोनच्या गुडघ्या-कोपरांना दगडी कुऱ्हाडी असतात. त्या आपटल्या की गडगडाट होतो. पहिल्या वादळांच्या सुमारास दिसणारे केशरी-निळे टोळ ही त्याची मुलं. 1845 मध्ये इथून गेलेल्या लुडविग लाइखहार्ट या जर्मन प्रवाशाच्या नावाने तो टोळ इंग्रजीत ओळखला जातो. बाहेरच्यांचीही नोंद भिंतींनी घेतली आहे: नांगुलुवुरच्या कपारीत दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे, मागे होडी बांधलेली. ब्रिटिशांनी 1820 च्या दशकापासून आणलेल्या म्हशी-रेडे रानटी होऊन इतके माजले की चित्रांच्या भिंतींवर अंग घासत. क्षयरोग निर्मूलनाच्या मोहिमेत 1980 च्या दशकात त्यांचे कळप हटवले गेले. भिंतींवर ओघळ येऊ नयेत म्हणून वर सिलिकॉनच्या बारीक कडा चिकटवल्या आहेत. कपारीखाली उभं राहून वर नीट पाहिलं तर त्या दिसतात.

उद्यान मात्र चित्रांमुळे झालं म्हणणं अर्धसत्य. ते युरेनियमच्या वादातून जन्मलं. 1975 ते 1977 या काळात न्यायमूर्ती फॉक्स यांच्या चौकशीने रेंजर खाणीचा प्रश्न तपासला. दरम्यान 1976 चा आदिवासी जमीन हक्क कायदा आला, पण त्यात तिथल्या जमिनीचे पारंपरिक मालक असलेल्या मिरार लोकांचा नकाराधिकार नेमका रेंजरपुरता काढून घेतला गेला. शेवटी सौदा असा: खाण होईल, जमिनीची मालकी आदिवासींना मिळेल, ते ती उद्यानासाठी भाड्याने देतील. 1979 मध्ये पहिला टप्पा जाहीर झाला, 1981 मध्ये जागतिक वारसा. बिग बिल नेइजी यांच्यासारख्या वडीलधाऱ्यांनी भाडेपट्ट्याला हात दिला तो जमीन सांभाळली जावी म्हणून. रेंजरमधलं उत्पादन 2021 मध्ये थांबलं. नकाशावर मात्र उद्यानाच्या पोटात खाणींसाठी वगळलेल्या जमिनीची भोकं सोडलेली होती.

त्यातलं एक भोक, कूंगारा, बुरुंगकुयच्या कड्यापासून अवघं तीनेक किलोमीटर. जोक कुळाचे ज्येष्ठ मालक जेफ्री ली यांनी खाणीतून येणारा पैसा नाकारला, 2011 मध्ये पॅरिसला जागतिक वारसा समितीपुढे जाऊन बसले. त्या वर्षी कूंगारा वारसा यादीत आलं आणि 2013 मध्ये उद्यानात. बुरुंगकुयच्या टेकाडावरून पाहुणे जे अखंड रान बघतात, त्यात हा नकार आहे.

आणि वाटेचं म्हणाल तर, दक्षिणेला गुनलोमच्या धबधब्यावर 2019 मध्ये उद्यान प्रशासनाने माथ्याकडे जाणारी पायवाट नव्याने आखली. ती तिथल्या जावोइन आदिवासींच्या फक्त पुरुषांनाच मुभा असलेल्या पवित्र जागेच्या फार जवळून गेली, रीतसर परवानगीशिवाय. मालक भडकले, धबधबा पर्यटकांना बंद झाला. पवित्र स्थळांचं रक्षण करणाऱ्या प्राधिकरणाने प्रशासनाला कोर्टात खेचलं. उद्यानाचा प्रमुख केंद्र सरकारचा, त्याला प्रादेशिक कायद्याखाली गुन्हेगार धरता येईल का, एवढ्या एका मुद्द्यावर खटला थेट ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि 2024 मध्ये निकाल आला की धरता येईल. काही मीटर इकडे-तिकडे सरकलेल्या एका पायवाटेसाठी पाच वर्षं.