हार्नेस झेलतो, पण खाली जागा हवी

ठाणे-बेलापूर रस्त्यावर कितीतरी इमारतींच्या गच्चीवर मोबाइलचे अँटेना दिसतात. तिथे चढणारा इंजिनिअर हार्नेस, म्हणजे अंगभर बांधायचे सुरक्षा-पट्टे, घालतो. त्याला जोडलेल्या लॅनयार्डवर, म्हणजे टोकाला हुक असलेल्या दोरीवर, एक जाडसर पाकीट असतं. खरी करामत त्या पाकिटाची.

८० किलोचा माणूस दोन मीटर पडला तर त्याचा वेग ताशी २२ किलोमीटरच्या वर जातो. साध्या दोरीने त्याला १० सेंटिमीटरमध्ये थांबवलं, तर अंगावर सरासरी दीड टनाहून जास्त भाराचा हिसका बसतो. दोरी टिकेल, पण मणक्याची खात्री नाही. पाकिटात घडी घालून शिवलेला पट्टा असतो. हिसका बसला की शिवण टराटरा उसवते, पडण्याची ऊर्जा त्यात खर्ची पडते आणि थांबायला मीटरभर अंतर मिळतं. आता सरासरी भार अडीचशे किलोच्या आत. युरोपीय मानकात कमाल मर्यादा ६ किलोन्यूटन आहे, म्हणजे साधारण ६०० किलो. एकदा उसवलेलं पाकीट मात्र फेकूनच द्यायचं, ते परत शिवून वापरायचं नाही.

आता गोम अशी, की या उसवण्याला जागा लागते. दोन मीटरचा लॅनयार्ड, पावणेदोन मीटरपर्यंत उसवणारा पट्टा, लॅनयार्ड जिथे जोडतात त्या हार्नेसच्या पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंतची उंची आणि वर मीटरभर राखीव. हुकाच्या खाली सहा मीटरहून जास्त जागा मोकळी हवी. चाळीस मीटरच्या टॉवरवर ती सहज मिळते. गच्चीवरच्या चार मीटरच्या खांबावर पाकीट पुरतं उसवायच्या आधीच माणूस स्लॅबवर आदळतो. तिथे खांबाला वेढा घालून माणसाला जागेवर धरून ठेवणारा पोझिशनिंगचा पट्टा आणि आखूड लॅनयार्ड लागतो, हुकही डोक्याच्या वर मारावा लागतो. साइटवर हा हिशोब फारसा कोणी करत नाही. हार्नेस घातला, फोटो काढला, झालं.

नुसता कमरेचा पट्टा घालून चढणं तर त्याहून वाईट. सगळा हिसका पोटावर आणि कण्यावर येतो. हार्नेस तो मांड्या, कंबर आणि खांद्यांवर वाटून देतो.

झेलल्यावरही घाई असते. निपचित लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचतं आणि काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. म्हणून पाय टेकायला फास असलेले पट्टे हार्नेसला लावतात आणि उतरवायची दोरी, ती वापरता येणारा जोडीदार आधीच खाली तयार ठेवतात. संध्याकाळी गाड्यांनी तुंबलेला ठाण्याचा घोडबंदर रोड ज्याने पाहिलाय, तो अग्निशमन दलाच्या गाडीच्या भरवशावर कोणाला वर चढवणार नाही.