सहावी ते आठवीच्या मुलांसाठी सराव गणित स्पर्धा : पालकांनी आधी एवढं वाचा

डिसेंबरात एका रविवारी आमच्या क्लासमध्ये सराव गणित स्पर्धा असते. बेळगावच्या टिळकवाडीपासून खानापूरपर्यंतचे पालक फोनवर तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून हे पत्रक छापलं आहे.

पेपरचा साचा आम्ही एएमसी ८ या स्पर्धेवरून घेतला आहे. मॅथेमॅटिकल असोसिएशन ऑफ अमेरिका ही संस्था आठवीपर्यंतच्या मुलांसाठी ती घेते. १९८५ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली, हल्ली जानेवारीत असते. २५ प्रश्न, ४० मिनिटं, प्रत्येकाला पाच पर्याय, बरोबर उत्तराला १ गुण. चुकलं तर गुण कापत नाहीत. कॅल्क्युलेटर चालत नाही. आमची स्पर्धा ही मूळ परीक्षा नव्हे, नुसता सराव आहे. प्रश्न आम्हीच काढतो आणि प्रमाणपत्र देत नाही.

हिशेब केला तर एका प्रश्नाला १ मिनिट ३६ सेकंद येतात, पण तसं घड्याळ लावून कुणी सोडवू नये. सुरुवातीचे दहा-बारा प्रश्न शाळेतल्या गणितावरच सुटतात, शेवटचे पाच भल्याभल्यांना घाम फोडतात. मधल्या एखाद्या प्रश्नावर हट्टाने दहा मिनिटं घालवली की पुढचे सोपे प्रश्न हातचे जातात. अडला की खूण करून पुढे जा, हे मुलांना आम्ही सांगतोच, तुम्हीही घरी सांगा. आणि शेवटच्या दोन मिनिटांत एकही चौकोन कोरा ठेवायचा नाही. गुण कापले जात नसताना कोरं सोडणं म्हणजे शुद्ध तोटा.

आता एक प्रश्न बघा. १ ते १०० मधल्या किती संख्यांमध्ये ७ हा अंक येतो? पर्याय : १०, ११, १८, १९, २०. हुशार मूल पटकन मांडतं, एकक स्थानी ७ असलेल्या दहा संख्या (७, १७, २७ असं ९७ पर्यंत), दशक स्थानी ७ असलेल्या दहा (७० ते ७९), झाले २०. पर्यायात २० दिसतात, मूल खूश होऊन पुढे जातं. पण ७७ दोन्हीकडे मोजली गेली. उत्तर १९. ते २० आम्ही मुद्दामच ठेवलेले असतात. पाढे तोंडपाठ असलेली मुलंही इथे फसतात, कारण इथे आकडेमोड कमी आणि मोजणीतली सावधगिरी जास्त लागते.

म्हणूनच शाळेत ९५ टक्के मिळवणारं मूल इथे १२ गुणांवर थांबलं तर घाबरून जाऊ नका. पहिल्या खेपेला निम्मे प्रश्न बरोबर आले तरी आम्ही पाठ थोपटतो.

आमच्या मते या दिवसाची खरी किंमत पेपरनंतरच्या सव्वा तासात आहे. चुकलेले प्रश्न मुलाला परत मिळतात, उत्तराशिवाय. वेळेचं बंधन नसतं, शेजाऱ्याशी बोलायला मुभा असते. मग कळतं की चूक घाईची होती, प्रश्न नीट न वाचल्याची होती, की तो भागच अजून शिकलेला नाही. तिसऱ्या प्रकारच्या चुकांची यादी आम्ही पालकांच्या हातात देतो. गुण फक्त ज्याचे त्याला सांगतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर क्रमवारी टाकत नाही, कृपया मागू नये.

ज्यांचं काम लवकर उरकतं, त्यांना गणितज्ञ कापरेकरांचा खेळ देतो. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढता क्रम वजा करा, आलेल्या संख्येवर पुन्हा तेच (तीन अंकी आली तर सुरुवातीला शून्य धरा). ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. कुठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. द. रा. कापरेकर देवळालीला शाळेत शिक्षक होते. एनएमटीसी या भारतातल्या गणित स्पर्धेत सातवी-आठवीच्या गटाला त्यांचंच नाव आहे.

“याचा मार्कांना उपयोग काय?” लगेच काही नाही. पण सरकारी आणि अनुदानित शाळेतली आठवीची मुलं एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला बसतात. तिथे बौद्धिक चाचणीत ९० मिनिटांत ९० प्रश्न असतात, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. वेळेवर नजर ठेवून सोडवायची सवय तिथे नक्की कामी येते.

पेपर मराठी आणि इंग्रजी शेजारी-शेजारी छापलेला असतो, कन्नड माध्यमाच्या मुलांसाठी वेगळी प्रत काढतो. नाव देताना माध्यम जरूर सांगा. पेन्सिल, खोडरबर, पट्टी आणि पाण्याची बाटली आणावी, कच्चे कागद आम्ही देतो. फी १०० रुपये. घरची अडचण असेल तर सरांना बाजूला घेऊन सांगा, मूल बसेल. निपाणी-खानापूरकडची एसटी गाठून येणाऱ्यांसाठी पेपर साडेदहाला ठेवला आहे. पालकांनी वर्गाच्या दारात उभं राहू नये, साडेबाराला न्यायला यावं. प्रती आधी छापाव्या लागतात, तेव्हा नावं शुक्रवार संध्याकाळपर्यंत द्या.