इन्सुलिन प्रतिरोध आणि हृदयविकार

स्नायू, यकृत आणि मेदऊती यांतील पेशी इन्सुलिन या संप्रेरकाला पुरेशी दाद देईनाशा होतात, त्या अवस्थेला इन्सुलिन प्रतिरोध म्हणतात. ही उणीव भरून काढण्यासाठी स्वादुपिंड अधिक इन्सुलिन स्रवते आणि रक्तातील साखर कित्येक वर्षे सामान्य मर्यादेत राहते. रोहिण्यांचे नुकसान मात्र याच काळात सुरू होऊ शकते.

ब्रिटिश वैद्य हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्ये इन्सुलिनला दाद देणारा व न देणारा असे मधुमेहाचे दोन प्रकार वेगळे दाखवले. रक्तातील इन्सुलिन मोजण्याची रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांची पद्धत १९६० मध्ये आल्यावर, प्रौढवयात मधुमेह झालेल्या अनेकांत इन्सुलिन कमी नसून उलट जास्त असते, हे स्पष्ट झाले. अमेरिकन वैद्य जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये या प्रतिरोधाची सांगड उच्च रक्तदाब व मेदद्रव्यांतील बिघाडाशी घालून त्या समूहाला ‘सिंड्रोम एक्स’ म्हटले. पुढे चयापचय लक्षणसमूह हे नाव रूढ झाले.

प्रतिरोध इन्सुलिनच्या सर्व कार्यांत सारखा नसतो, आणि हृदयविकाराच्या धोक्याचे बरेचसे मूळ या असमतोलात आहे. मेदऊतींतील चरबीचे विघटन इन्सुलिनने आवरले जात नाही, त्यामुळे मेदाम्ले यकृताकडे वाहत राहतात. यकृत साखर सोडणे थांबवत नाही, पण चरबी बनवण्याचा इन्सुलिनचा आदेश मात्र पाळत राहते. परिणामी रक्तातील ट्रायग्लिसराइड ही चरबी वाढते, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) घटते आणि एलडीएलचे (‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे) कण लहान व घन होतात. एलडीएलचा आकडा अशा वेळी फारसा वाढलेला नसल्याने तपासणीचा अहवाल फसवा ठरू शकतो. रोहिणीच्या अंतःस्तरात रोहिणी सैल करणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती मंदावते, तर रोहिणी आकुंचित करणाऱ्या एंडोथेलिनचा मार्ग चालूच राहतो. मूत्रपिंडे सोडियम धरून ठेवतात, रक्ताच्या गुठळ्या विरघळण्यात अडथळा येतो आणि सौम्य दाह टिकून राहतो.

प्रतिरोधाचे अचूक मापन ‘क्लॅम्प’ पद्धतीने, म्हणजे शिरेतून इन्सुलिन देत साखर स्थिर ठेवायला किती ग्लुकोज लागते ते पाहून होते, पण ती प्रयोगशाळेपुरतीच सोयीची आहे. व्यवहारात कंबरेचा घेर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड, एचडीएल आणि उपाशीपोटीची साखर यांवरून अंदाज बांधला जातो. या घटकांची गोळाबेरीज त्यांच्या स्वतंत्र धोक्यांपेक्षा काही अधिक सांगते का, असा आक्षेप अमेरिकन व युरोपीय मधुमेह संघटनांनी २००५ मध्ये घेतला होता, आणि तो अद्याप पूर्णपणे निकालात निघालेला नाही.

केवळ साखर उतरवून हृदयाचा धोका टळत नाही. हृदयविकाराची शक्यता जास्त असलेल्या मधुमेहींमध्ये साखर अतिशय काटेकोरपणे खाली आणण्याचा ‘अ‍ॅकॉर्ड’ चाचणीतील उपचार मृत्यूंचे प्रमाण वाढल्याने २००८ मध्ये थांबवावा लागला. याउलट वजन घटवणे व नियमित व्यायाम यांनी प्रतिरोध थेट कमी होतो. २०१६ च्या ‘आयरिस’ चाचणीत, पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या पण मधुमेह नसलेल्या प्रतिरोधग्रस्तांना पायोग्लिटाझोन हे प्रतिरोध कमी करणारे औषध दिल्यावर पक्षाघात व हृदयविकाराचे झटके ११.८ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले. मात्र वजनवाढ, सूज आणि अस्थिभंग यांचे प्रमाण वाढले, त्यामुळे हे औषध सरसकट दिले जात नाही.