ऑइलची पातळी वाढणं हे चांगलं लक्षण नाही

'डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) भरलेली आहे, म्हणजे इंजिन ऑइल खात नाही, गाडी ठणठणीत!' ग्वाल्हेरात आपल्या मंडळींकडून हे कितीदा ऐकलंय. पण ऑइल इंजिनात तयार होत नाही. टॉप-अप न करता पातळी चढत असेल, तर आत काहीतरी मिसळतंय, बहुधा इंधनच. (कूलंट मिसळलं तर ऑइल सहसा दुधाळ दिसतं.)

जानेवारीच्या थंडीत शहराच्या लष्कर भागातून जेमतेम महाराज बाडा चौकापर्यंत जाऊन गाडी बंद केली, की इंजिन पुरतं तापत नाही आणि न जळलेलं पेट्रोल पिस्टन रिंगांवरून ऑइलात उतरतं. लांबच्या प्रवासात ते बरंचसं उडून जातं. डिझेल मात्र सहजी उडत नाही. डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारी गाळणी, साफ होताना जादा डिझेल सोडलं जातं आणि त्यातलं थोडं ऑइलात उतरतं. ही सफाई वारंवार अर्धवट राहणाऱ्या गाड्यांनी म्हणूनच जास्त जपावं.

रंगावर जाऊ नका, डिझेल इंजिनात ऑइल काजळीनेही काळं होतं. सपाट जागी, इंजिन बंद करून थोड्या वेळाने पातळी पाहा आणि लिहून ठेवा. इंधनाचा वास आला तर शंका पक्की, पण वास नाही म्हणून निर्धास्त राहू नका. प्रयोगशाळेत दाटपणा आणि ज्वलनबिंदू (ज्या तापमानाला ऑइलची वाफ पेट घेते) दोन्ही घटलेले दिसले, तर ऑइल लगेच बदला, इंधन फवारणारे इंजेक्टरही तपासून घ्या. पातळ ऑइलाने बेअरिंगं झिजतात.