पिकअपच्या हौद्यातील रेल व क्लीट

रेल व क्लीट : पिकअप वाहनाच्या उघड्या हौद्यात माल बांधण्याची एक सोय. हौद्याच्या आतल्या भिंतींवर, काही गाड्यांत तळावरही, धातूची खोबणीदार पट्टी बोल्टने बसवलेली असते, ती रेल. या खोबणीत सरकवून हव्या त्या जागी घट्ट करता येते ती क्लीट. क्लीटच्या कडीत दोर किंवा लॅशिंग बेल्टचा, म्हणजे माल आवळण्याच्या पट्ट्याचा, हुक अडकवतात. कारखान्यात जोडलेली साधी कडी जिथे बसली तिथेच राहते, क्लीट मात्र मालाला शोधत मागेपुढे जाऊ शकते. रेलचा सगळा उपयोग या एका गोष्टीत आहे आणि तिच्याविषयीचे बहुतेक गैरसमजही इथूनच सुरू होतात.

क्लीट हा शब्द मूळचा जहाजांवरचा. बोटीच्या काठाला किंवा धक्क्याला दोन शिंगांची आडवी खुंटी असते आणि तिच्याभोवती दोर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा गुंडाळतात, ती क्लीट. पिकअपमधल्या क्लीटला बहुधा शिंगे नसतात, पण नाव तेच राहिले.

अमेरिकेत फोर्ड कंपनीने 1925 मध्ये मॉडेल टी रनअबाउट ही गाडी कारखान्यातूनच पिकअपच्या हौद्यासह विकायला काढली. किंमत होती 281 डॉलर. हौद्याच्या मागे फाळका होता आणि काठांवर दांडे उभे करण्यासाठी चार खोबण्या होत्या. दांडे रोवून बाजू उंच करायच्या, हा त्यांचा उद्देश. दोर बांधायलाही त्याच उपयोगी पडत. पुढे हौद्याच्या कोपऱ्यांत पक्क्या कड्या आल्या. हौदा काठोकाठ भरलेला असेल तर चार कोपऱ्यांतल्या चार कड्या पुरतात. हौद्याच्या मधोमध एकच फ्रीज किंवा एकच पेटी उभी असेल, तर कोपऱ्यांतून येणारे दोर लांब आणि जवळजवळ आडवे पडतात. अशा दोरांनी वस्तू खाली दाबली जात नाही. गाडी चालू झाली की ती हळूहळू कलते.

या अडचणीवर खोबणीदार पट्टीचा उपाय इतर क्षेत्रांत आधीपासून होता. विमानातल्या खुर्च्या जमिनीतल्या अशाच पट्ट्यांत बसवलेल्या असतात, म्हणून दोन रांगांमधले अंतर कमीजास्त करता येते. पिकअपमध्ये कारखान्यातूनच रेल देण्याची चाल रुळली ती निस्सानच्या टायटन (2004चे मॉडेल) आणि टोयोटाच्या दुसऱ्या पिढीतील टॅकोमा (2005चे मॉडेल) या गाड्यांमुळे. निस्सानने आपल्या रचनेला ‘युटिली-ट्रॅक’ असे नाव दिले. फोर्डने 2015च्या एफ-150 मध्ये ‘बॉक्सलिंक’ नावाची थोडी वेगळी रचना आणली. तिच्यात सलग रेल नसते. भिंतींवर ठरावीक जागी पाट्या असतात आणि त्यांत क्लीट बसवून कुलूपबंद करता येते. सगळ्यांनीच ही वाट धरली असे नाही. शेव्हर्ले सिल्व्हराडोच्या 2019च्या मॉडेलमध्ये 12 पक्क्या कड्यांवर भर दिला आहे, तर होंडा रिजलाइनमध्ये 8 पक्क्या कड्या असून प्रत्येकीची मर्यादा 350 पौंड, म्हणजे सुमारे 159 किलो, सांगितलेली आहे. कडी पक्की असली की ती सरळ पत्र्यामागच्या मजबूत भागाला जोडता येते, हा त्यामागचा विचार आणि तो चुकीचा नाही.

रेल बहुधा ॲल्युमिनियमची असते. तिचा छेद इंग्रजी सी अक्षरासारखा : आत पोकळी, तोंड अरुंद. क्लीटची खालची पट्टी तोंडापेक्षा रुंद असल्याने ती आत अडकून राहते. वरचा स्क्रू किंवा मूठ आवळली की रेलच्या दोन्ही ओठांवर चिमटा बसतो. पण चिमट्यावर सगळा भार टाकत नाहीत. रेलमध्ये ठरावीक अंतरावर भोके किंवा खाचा असतात आणि क्लीटचा दात त्यांत बसतो. दात खाचेत न बसवता क्लीट नुसती आवळली, तर पहिल्याच जोराच्या ब्रेकला ती रेलवरून घसरत जाते. नवख्या माणसाची ही नेहमीची चूक.

आता ताकदीचे बघू. रेल आल्यामुळे बांधायला भरपूर जागा मिळतात, पण त्या जागा फार मजबूत नसतात. टॅकोमाच्या माहितीपुस्तिकेत एका क्लीटवर 220 पौंडांपेक्षा, म्हणजे 100 किलोपेक्षा, जास्त ओढ देऊ नये असे सांगितले आहे. दुसरीकडे बाजारात मिळणाऱ्या 25 मिलिमीटर रुंदीच्या साध्या बेल्टवर बहुधा 1500 पौंडांची तुटण्याची मर्यादा आणि 500 पौंडांची, म्हणजे सुमारे 227 किलोंची, कामाची मर्यादा छापलेली असते. कामाची मर्यादा ही तुटण्याच्या मर्यादेच्या एक तृतीयांश धरण्याचा प्रघात आहे. म्हणजे बेल्ट क्लीटच्या दुपटीहून बळकट असतो. बेल्टला रॅचेट, म्हणजे दातेरी चाकाने बेल्ट आवळणारी कळ, असेल तर अडचण वाढते, कारण रॅचेटची मूठ तरफेसारखी काम करते. ट्रकवर वापरतात त्या 50 मिलिमीटरच्या बेल्टमध्ये मुठीवर 50 किलोंचा जोर दिला, तर बेल्टमध्ये 300 किलोंच्या आसपास ताण सहज येतो. असा बेल्ट रेलवर आवळला तर बेल्टला काही होत नाही. रेलचे ओठ उकलतात किंवा बोल्टभोवतीचा भाग वाकतो. टॅकोमासारख्या गाडीत हौद्याची आतली बाजू पत्र्याची नसून संमिश्र प्लास्टिकची असते, हेही लक्षात ठेवायला हवे. त्यामुळे क्लीटसाठी दाबाच्या बकलचा बेल्ट बरा : त्यात हाताने ओढू तेवढाच ताण येतो, त्याहून जास्त आणताच येत नाही.

ओढीची दिशाही तितकीच महत्त्वाची. रेलच्या लांबीला समांतर ओढ आली की ती दात आणि खाच झेलतात. भिंतीपासून आत, हौद्याच्या मध्याकडे ओढ आली की क्लीट रेलमधून उपटली जाऊ पाहते. नेमकी हीच ओढ सर्वांत जास्त वेळा येते, कारण माल मध्ये असतो आणि रेल कडेला.

मालावरून आडवा बेल्ट टाकून दोन्ही बाजूंना क्लीटमध्ये अडकवला तर त्याने माल प्रत्यक्ष धरला जात नाही. तो तळावर दाबला जातो आणि वाढलेले घर्षण त्याला धरून ठेवते. 200 किलोंची पेटी घ्या. जोराचा ब्रेक लागला तर तिला पुढे फेकणारे बल वजनाच्या 0.8 पट, म्हणजे 160 किलोभार (160 किलो वजनाएवढे बल) धरतात. प्लास्टिकच्या तळावर घर्षणांक (दाबाच्या किती पट घर्षण मिळते तो आकडा) 0.3 धरला तर पेटीच्या स्वतःच्या वजनाने 60 किलोभाराचा अटकाव मिळतो. उरलेले 100 बेल्टांनी भरून काढायचे. बेल्टमध्ये 100 किलोचा ताण आहे आणि तो तळाशी 60 अंशांचा कोन करतो असे मानू. त्याच्या दोन्ही टोकांची मिळून खालची दाब सुमारे 173 किलोभार होते आणि तिच्यामुळे घर्षण 52ने वाढते. म्हणजे दोन बेल्टांत काम कसेबसे भागते. तोच बेल्ट 30 अंशांवर पडला तर दाब 100 आणि वाढीव घर्षण 30. मग चार बेल्ट लागतात. प्रत्यक्षात पेटीच्या कडांवर बेल्ट घासला जातो आणि रॅचेटच्या पलीकडच्या बाजूला ताण कमी पोचतो, म्हणून हिशेब याहूनही तंग असतो. कोपऱ्यातली कडी सोडून मालाशेजारी सरकवलेली क्लीट वापरण्याचा फायदा या कोनात आहे. आणि पेटी मुळातच पुढच्या भिंतीला टेकवून ठेवली, तर पुढच्या 160 किलोभारांची चिंता भिंत करते आणि बेल्टांना फक्त मागची, बाजूची ओढ सांभाळावी लागते. अनुभवी माणूस बेल्ट हातात घेण्याआधी माल पुढे सरकवतो.

0.8 हा आकडा अमेरिकेच्या व्यावसायिक मालवाहनांच्या नियमांतला आहे. मागच्या दिशेला आणि दोन्ही बाजूंना तिथे 0.5 पट धरतात. सर्व बांधण्यांच्या कामाच्या मर्यादांची बेरीज मालाच्या वजनाच्या निम्म्याहून कमी असू नये, असा दंडक आहे. आणि बांधणीची मर्यादा म्हणजे बेल्ट, हुक, कडी यांपैकी सर्वांत कमकुवत भागाची मर्यादा. या न्यायाने रेलला बांधलेला बेल्ट कितीही जाडजूड असला तरी त्याची किंमत क्लीटएवढीच. निघाल्यावर पहिल्या 50 मैलांत, म्हणजे सुमारे 80 किलोमीटरमध्ये, थांबून बांधणी तपासावी असेही हे नियम सांगतात. माल बसतो, दबतो आणि बेल्ट सैल पडतात. घरगुती पिकअपला हे नियम लागू होत नाहीत, तिथे त्या त्या राज्याचे कायदे चालतात. वॉशिंग्टन राज्यात 2005 पासून, नीट न बांधलेला माल पडून कोणाला गंभीर इजा झाली तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. एएए फाउंडेशन या रस्ता-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या अभ्यासानुसार अमेरिकेत 2011 ते 2014 या काळात रस्त्यावर पडलेल्या वस्तूंमुळे दोन लाखांहून जास्त अपघात झाले आणि त्यांत 500हून जास्त माणसे दगावली.

कूलर, हत्यारपेट्या, तंबूचे सामान, भाजीचे क्रेट, सायकली अशा हलक्या आणि मध्यम वस्तूंसाठी रेल उत्तम. सायकलचे पुढचे चाक काढून काटा रेलवरच्या पकडीत बसवण्याची सोयही मिळते. मोटरसायकलसाठी मात्र तळातल्या किंवा पुढच्या खालच्या कोपऱ्यांतल्या कड्याच घ्याव्यात. पुढचे चाक भिंतीला टेकवून हँडलखालच्या भागातून दोन बेल्ट पुढे आणि खाली ओढायचे, शॉक अर्धेअधिक दबेपर्यंत. मागच्या दोन बेल्टांनी फक्त डोलणे थांबवायचे. हेच बेल्ट वरच्या रेलला बांधले तर कोन आडवा पडतो आणि दोनशे किलोंच्या गाडीचा प्रत्येक हिसका शंभर किलोंच्या क्लीटवर येतो.

बारीकसारीक देखभाल एवढीच : खोबणीत वाळू-माती साचली की क्लीट सरकत नाही, तेव्हा पाण्याने धुवावी. न लागणाऱ्या क्लीट काढून आत ठेवाव्यात. त्या खडखडतात आणि चोरीलाही जातात. सपाट बेल्ट वाऱ्यात घूं घूं करत थरथरतो, म्हणून त्याला एक पीळ द्यावा. नायलॉनचा बेल्ट ओला झाला की ताणतो, पॉलिएस्टरचा त्या मानाने कमी.

भारतात ही रचना रुळलेली नाही आणि त्याला कारण आहे. बोलेरो पिकअपसारख्या गाडीत कांद्याच्या गोण्या किंवा टोमॅटोचे क्रेट हौद्याच्या काठाच्या वर रचलेले असतात. त्यांवर ताडपत्री टाकून दोर या बाजूने त्या बाजूला नागमोडी नेतात आणि हौद्याच्या बाहेरून, खालच्या कडेला असलेल्या हुकांत अडकवतात. काठापेक्षा उंच माल आतल्या रेलने धरता येत नाही. त्याला बाहेरचा हुकच हवा. इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स अशा हौशी पिकअप रस्त्यावर आल्यावर अशा सुट्या उपकरणांची चौकशी होऊ लागली, पण मालवाहतूक करणाऱ्याचा भरवसा अजून दोरावर आहे. काही माल तर आवळून चालतच नाही. पेणहून गणपतीच्या मूर्ती टेम्पोत चढतात तेव्हा त्यांच्यामध्ये पेंढा ठासून भरतात. शाडूच्या हाताला बेल्टचा ताण सोसणार नाही, म्हणून मूर्ती हलायला जागाच उरू दिली जात नाही.