महिला खेळाडूंची धाव आणि जीपीएस : माप कुणाचं?

१९२८च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये महिला ८०० मीटर धावल्या आणि त्यानंतर ती शर्यतच काढून टाकण्यात आली. ती परत आली थेट १९६० साली, रोममध्ये. १९९१च्या पहिल्या महिला फुटबॉल विश्वचषकातले सामनेही ८० मिनिटांचेच होते. बायकांना एवढं पळणं झेपणार नाही ही समजूत कुणी मोजून पाहण्याआधीच नियमांत जाऊन बसली होती.

मैदानी खेळातली धाव मोजणं तेव्हा किचकटही होतं. एका खेळाडूवर कॅमेरा लावायचा आणि नंतर चित्रण थांबवत-थांबवत ती कधी चालली, कधी धावली याच्या नोंदी करायच्या. उपग्रहांवरून जागा सांगणारं जीपीएस होतं, पण त्याच्या सामान्य लोकांसाठीच्या संकेतात अमेरिका मुद्दाम चूक मिसळत असे; जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची, म्हणजे जवळजवळ अख्खं फुटबॉलचं मैदान! मे २०००मध्ये हे बंद झालं आणि वाट मोकळी झाली. पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये बसणारं छोटं जीपीएस यंत्र रुजवण्यात ऑस्ट्रेलियाचा मोठा वाटा आहे. सुरुवातीची यंत्रं सेकंदाला एकच नोंद घेत. ताशी २२ किलोमीटरने धावणारी खेळाडू तेवढ्यात सहा मीटर पुढे गेलेली असते, त्यामुळे छोटी मुसंडी आणि झटक्यात घेतलेलं वळण नोंदीतून निसटायचं. पुढे सेकंदाला पाच आणि मग दहा नोंदी होऊ लागल्या. फुटबॉलच्या अधिकृत सामन्यांत अशी यंत्रं घालायला २०१५मध्ये परवानगी मिळाली.

अव्वल महिला फुटबॉलपटू सामन्यात साधारण दहा किलोमीटर पळतात, पुरुषांच्या जवळपास तेवढंच. खरी गफलत वेगाच्या टप्प्यांत होती. ताशी १९.८ किलोमीटरच्या वर वेगवान धाव आणि २५.२च्या वर स्प्रिंट म्हणजे पूर्ण जोर लावून घेतलेली धाव, हे आकडे पुरुषांच्या खेळातून आलेले. जीव तोडून धावलेली बचावपटू २४वर पोहोचली, तरी अहवालात तिच्या नावापुढे स्प्रिंट शून्य! असा अहवाल वाचून सराव आखला, तर तिला किती विश्रांती हवी याचा अंदाज चुकणारच. २०१९च्या महिला विश्वचषकाचं विश्लेषण कॅमेऱ्यांच्या आधारे झालं. त्यात सर्वांत वरचा टप्पा ताशी २३ किलोमीटरपासून धरला होता.

हॉकीत अडचण वेगळी. तिथे खेळाडू सतत आत-बाहेर होतात, म्हणून एकूण अंतरापेक्षा मैदानावरच्या दर मिनिटाला किती मीटर, हे पाहावं लागतं.

आता वाद आहे तो प्रत्येकीच्या स्वतःच्या कमाल वेगावरून टप्पे ठरवायचे का, हा. तसं केलं तर तिचे कष्ट नीट कळतात, पण दोघींची तुलना अवघड होते. माझ्या मते अहवालात सर्वांसाठी सारख्या टप्प्यांचा आणि तिच्या स्वतःच्या टप्प्यांचा, असे दोन्ही रकाने हवेत, आणि सराव ठरवताना तिचा स्वतःचा रकाना आधी वाचावा.